परवानगीनंतरची तीस वर्षे

ग्रामीण भागात ३३/११ के.व्ही. विद्युत उपकेंद्रांसाठी जागा पाहणे, तिची मोजणी करून घेणे आणि त्या जागेवर पाया, कुंपण व नियंत्रण कक्ष उभे करणे, हे स्थापत्य अभियंता म्हणून माझ्या नोकरीतील बऱ्याच वर्षांचे काम होते. वीजक्षेत्रात स्थापत्य शाखेच्या माणसाला दुय्यम मानण्याची रीत आहे. वीज आमच्या हातून वाहत नाही. आम्ही केवळ तिच्यासाठी भूमी सिद्ध करतो. परंतु भूमीशी संबंध असल्यामुळेच काही गोष्टी आम्हांला इतरांच्या आधी दिसतात. रोहित्र येण्यापूर्वी त्या जागेवर काय होते, हे विद्युत शाखेच्या सहकाऱ्याने सहसा पाहिलेले नसते. आम्ही ते पाहिलेले असते आणि पुष्कळदा आमच्याच हातून ते नाहीसे झालेले असते.

उपकेंद्राची गरज आधी स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ लोक ती विसरतात. ११ के.व्ही.ची वाहिनी उपकेंद्रापासून जितकी दूर जाते, तितका तिच्या टोकाशी दाब घटत जातो. तारेतील प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात वाया जाणारी ऊर्जा चौपट होते. टोकाच्या विहिरीवरची मोटार अपुऱ्या दाबाने जळते आणि ती भरून येईपर्यंत पिकाची पाण्याची पाळी चुकलेली असते. शेतीचा थ्री फेज पुरवठा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असा फिरता राहिला. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या वावरत असताना मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन दारे धरायला जाणाऱ्या माणसाला उपकेंद्र नको, असे सांगण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणालाही नाही. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज मिळावी असा प्रयत्न आहे. त्या योजनेतील सौर प्रकल्पांची वीजही शेवटी अशाच एखाद्या उपकेंद्रात येऊन मिसळते. म्हणून उपकेंद्र असावे की नसावे, हा माझ्यापुढचा प्रश्न नाही. ते कोठे असावे, कोणत्या अटींवर असावे आणि त्या अटींचा सांभाळ कोणी करावा, हा आहे.

या प्रश्नाचा पहिला भाग कायद्याने अंशतः हाताळला आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना औष्णिक, जल व अणुविद्युत प्रकल्पांना पूर्वमंजुरी बंधनकारक करते. पारेषण वाहिन्या आणि उपकेंद्रे तिच्या परिशिष्टात नाहीत. परिणामी एकरभर जागेवरच्या ३३/११ के.व्ही. उपकेंद्रासाठी ना आघाताचा अभ्यास होतो, ना जनसुनावणी. याचा अर्थ परवानग्याच नसतात असा नव्हे. ग्रामसभेचा ठराव लागतो, जिल्हाधिकाऱ्यांचा जमीन प्रदानाचा आदेश लागतो, झाडे असतील तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाखाली अनुमती लागते आणि अखेरीस वीजप्रवाह सोडण्यापूर्वी विद्युत निरीक्षकाची मंजुरी लागते. यांतील प्रत्येक अधिकारी आपापल्या अखत्यारीतला प्रश्न विचारतो आणि बहुधा प्रामाणिकपणे विचारतो. महसूल खाते मालकी पाहते, वन खाते झाड पाहते, निरीक्षक तारांमधील अंतर आणि भूसंपर्काचा रोध पाहतो. त्या जागेवरून वाहणारे पावसाचे पाणी पुढे कोणाच्या विहिरीला मिळते, हे पाहणारे खाते नाही.

कायद्याला लहान गोष्टी दिसतच नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. २००६ च्याच वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांच्याबरोबर विजेच्या तारांसाठीही वनजमीन देण्याची मुभा त्यात आहे. पण प्रत्येक कामासाठी क्षेत्र एक हेक्टरहून कमी असावे, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, असे बंधन त्यात घातले आहे. तीनच अटी, आणि त्या इतक्या सुबोध आहेत की गावातील कोणालाही त्यांचा पडताळा घेता यावा. वनहद्दीच्या आत जे शक्य झाले ते हद्दीबाहेर का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला कोणाकडूनही मिळालेले नाही.

मोठ्या प्रकल्पांची कथा निराळी असते. गोव्यातील मोले परिसरात ४०० के.व्ही. वाहिनीचा आणि सांगोड येथील उपकेंद्राचा वाद उभा राहिला, तेव्हा तेथे भगवान महावीर अभयारण्य होते, राष्ट्रीय उद्यान होते, जागरूक विद्यार्थी आणि वकील होते. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१ मध्ये सुचवले की, अभयारण्यातून नवा पट्टा न तोडता आधीपासून असलेल्या वाहिनीच्या मार्गाचाच उपयोग करावा. सूचना अगदी साधी होती. जुन्या पट्ट्यातील झाडे पूर्वीच गेलेली आहेत, मग नवा पट्टा कशाला, हा विचार आराखड्याच्या टेबलावरच सुचायला हवा होता. तो सुचण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. जेथे अभयारण्याची पाटी नाही तेथे कोण जाणार?

आणि पाटी नसलेल्या भूमीचा सर्वांत मोठा हिस्सा आपल्याकडे माळरानाचा आहे. महसुली भाषेत हे माळ पडीक ठरतात, त्यामुळे सार्वजनिक कामासाठी बोट प्रथम त्यांच्याकडेच जाते. सोलापूरजवळचे नान्नज १९७९ साली माळढोकासाठी राखले गेले, तेव्हा अशा उघड्या, गवताळ, झाडे नसलेल्या भूमीवरही एक संपूर्ण जीवसृष्टी नांदते हे शासनाने मान्य केले होते. माळढोक जड पक्षी आहे. त्याला समोरचे कमी दिसते. उडताना तार दिसली तरी वळण घेण्याइतका अवधी त्याला मिळत नाही. राजस्थान आणि गुजरातमध्ये या पक्ष्याच्या अधिवासातील तारा भूमिगत कराव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. मार्च २०२४ मध्ये त्याची सरसकट व्याप्ती न्यायालयाने मागे घेतली आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सौर व पवनऊर्जा हीदेखील पृथ्वीच्या रक्षणाचीच साधने आहेत, हे त्यामागचे कारण होते. दोन्ही बाजूंना पर्यावरणच उभे असलेला असा खटला वाचताना मनाची फार ओढाताण होते, आणि त्याचा निकाल अवघड असणे हेच मला योग्य वाटते.

गायरानाचा विषय मी नोकरीत असताना सर्वांत अधिक वेळा हाताळला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी वाचवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी निर्णय काढला की, अन्य जमीन उपलब्ध नसेल तरच आणि सार्वजनिक प्रयोजनासाठीच गायरान वापरावे. उपकेंद्र हे निःसंशय सार्वजनिक प्रयोजन आहे. पण ‘अन्य जमीन उपलब्ध नाही’ हे वाक्य प्रस्तावात किती सहजतेने लिहिले जाते, हे मी जवळून पाहिले आहे. खासगी जमीन विकत घ्यावी लागते, गायरान विनामूल्य मिळते. एवढ्याने उपलब्धतेचा निर्णय होऊन जातो.

मराठवाड्यातील एका गावी मी मोजणीसाठी गेलो होतो. सातबाऱ्यावर सरकार आणि गायरान, नकाशावर कोरा चौकोन. प्रत्यक्षात त्या चौकोनात ज्वारी उभी होती आणि एक वृद्ध बाई खुरपत होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी तो तुकडा पहिल्यांदा नांगरला होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांची आठवण या भागातील दलित वस्त्यांमध्ये अजून जिवंत आहे. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णयही झाला. या कुटुंबाचे कागद कोठल्या तरी कार्यालयात अडकले होते. बाईंनी वाद घातला नाही. “साहेब, कणसं भरूस्तोवर तरी थांबाल ना?” एवढेच विचारले. आम्ही थांबलो. सुगी झाली, मग काम सुरू झाले. त्यांच्या घरी आज त्याच उपकेंद्रातून वीज जाते आणि त्या जमिनीचा मोबदला त्यांना मिळालेला नाही, कारण कागदोपत्री ती त्यांची कधी नव्हतीच. ही घटना मी अन्यायाची तक्रार म्हणून सांगत नाही; पर्यावरणीय दक्षतेत माणसाची उपजीविका मोजली जात नसेल तर ती दक्षता अपुरी आहे, एवढेच मला तिच्यातून दाखवायचे आहे.

तारांच्या बाबतीतही अशीच एक पोकळी आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ अन्वये वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार अधिनियमातील अधिकार देता येतात. त्या जुन्या कायद्याने शक्य तितके कमी नुकसान करण्याचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देण्याचे कर्तव्यही घातले होते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या ८५ टक्के भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे दिली, पुढे ती वाढवलीही. परंतु ती ६६ के.व्ही. आणि त्यावरील वाहिन्यांसाठी होती. गावच्या उपकेंद्रात येणारी ३३ के.व्ही.ची आणि तेथून निघणारी ११ के.व्ही.ची वाहिनी त्यांच्या कक्षेबाहेर राहिली. शेताच्या मधोमध उभ्या राहिलेल्या खांबाभोवती दरवर्षी औत वळवून न्यावे लागते.

आता कुंपणाच्या आतल्या गोष्टींकडे वळतो, कारण परवानगीनंतरचा काळ तेथेच जातो. गावाला जी जमीन नकोशी असते तीच उपकेंद्राला देऊ केली जाते: ओढ्याकाठची, जुन्या खाणीलगतची, स्मशानाशेजारची. ओढ्याकाठची जागा सपाट आणि सोयीची दिसते. पाटबंधारे खाते नदीच्या दोन पूररेषा आखते. निळी साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लहान ओढ्यांना अशा रेषा बहुधा आखलेल्याच नसतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर भागात अनेक उपकेंद्रे पाण्यात गेली आणि ज्या गावांत पाणी शिरले नव्हते तीही अंधारात बुडाली. ओढ्याजवळच्या जागेवर वृद्ध गुराख्याला ‘पाणी कुठवर आलं होतं’ असे विचारणे, हा आमच्या खात्याच्या कोणत्याही नमुन्यात नसलेला, पण मला सर्वांत उपयोगी पडलेला तपास होता.

रोहित्रात काही हजार लिटर खनिज तेल असते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार २००० लिटरहून अधिक तेल असलेल्या यंत्राखाली तेल शोषून घेणारा खड्डा असावा लागतो आणि एकाच टाकीत ९००० लिटरहून अधिक तेल असेल तर ते वाहून नेण्याची व्यवस्थाही लागते. हे खड्डे मी स्वतः बांधले आहेत. नकाशाप्रमाणे बांधले, मापे घेतली, देयके मंजूर झाली. पाच-सात पावसाळ्यांनंतर त्याच ठिकाणी गेले की खड्डा गाळाने आणि पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला आढळतो. रोहित्राची टाकी फुटलीच तर तेल त्या पाण्यावर तरंगत ओढ्याची वाट धरणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडेच जायला हवे. प्रत्यक्षात डीपीतले तेल चोरून नेणारे आणि ते गुडघेदुखीवर चोळणारेही मी पाहिले आहेत. काही जुन्या यंत्रांतील तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल नावाचे विषारी, दीर्घकाळ न विरणारे रसायन असू शकते. त्याचा वापर २०२५ पर्यंत थांबवावा आणि साठ्यांची विल्हेवाट २०२८ पर्यंत लावावी, असे बंधन भारताने २००६ साली मान्य केलेल्या स्टॉकहोम करारात आहे. गुडघ्याला तेल चोळणाऱ्या आजोबांपर्यंत तो करार पोहोचलेला नाही.

खडीची गोष्ट मला याहूनही बोधप्रद वाटते. उपकेंद्राच्या आवारात पसरलेली खडी पाहून लोकांना ती चिखल टाळण्यासाठी असावी असे वाटते. वास्तविक तो मनुष्याच्या प्राणरक्षणाचा थर आहे. दोष निर्माण होऊन मोठा प्रवाह जमिनीत शिरला की दोन पावलांच्या अंतरातही प्राणघातक दाब उत्पन्न होतो. कोरडी खडी पायाखाली रोध निर्माण करते आणि शरीरातून जाणारा प्रवाह मर्यादित ठेवते. शिवाय सांडलेल्या तेलाची आग ती पसरू देत नाही, आणि तण वाढू देत नाही. काळ्या जमिनीत मात्र हा थर हळूहळू खाली रुतत जातो. वरून गवत उगवते. नवी खडी टाकायला अंदाजपत्रकात तरतूद नसते, मग कंत्राटदार तणनाशक फवारतो, आणि ते पहिल्या पावसाबरोबर कुंपणाबाहेरच्या शेतात उतरते. निर्दोष संरक्षणाची जागा एका विषाने घेतलेली असते आणि कोणत्याही नोंदवहीत त्याची नोंद नसते.

वृक्षारोपणाच्या अटीबद्दल थोडक्यात सांगतो. कुंपणालगत झाडे लावावीत अशी अट असते. जेथून वाहिन्या बाहेर पडतात तेथेच कडुनिंब आणि गुलमोहर लावले जातात. दहा वर्षांनी तारेला फांद्या लागतात म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यांचे शेंडे छाटले जातात. करवंद, निरगुडी, अडुळसा अशी ठेंगणी झुडपे लावली असती तर अटही पाळली गेली असती आणि तारही सुरक्षित राहिली असती. रोहित्राच्या अखंड गुणगुणण्याबद्दलही लोक तक्रार करतात. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि घरांपासून पुरेसे अंतर राखले तर हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्भवत नाही.

या सर्व उदाहरणांत एकच दोष मला पुन्हा पुन्हा दिसतो, आणि तो नियमांच्या अभावाचा नाही. परवानगी देण्याची क्रिया एका दिवसाची असते. तिच्यावर सही करणारा अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो. कंत्राटदाराची दोषदायित्वाची मुदत संपते. उपकेंद्र मात्र पंचवीस-तीस वर्षे त्या मातीवर उभे राहते. परवानगीतल्या प्रत्येक अटीला आरंभ असतो, पालक नसतो. नियंत्रण कक्षातील यंत्रचालक तासातासाला प्रत्येक फीडरचा प्रवाह आणि दाब नोंदवतो. मध्यरात्रीची नोंदही चुकत नाही, कारण तिच्यावर हिशेब अवलंबून असतो. त्याच नोंदपत्रकात तेलाचा खड्डा रिकामा आहे की भरलेला, खडी उरली आहे की रुतली, आवारातले पाणी कोणत्या बाजूने बाहेर गेले, यांसाठी वर्षातून एकदा भरायचा एखादाही रकाना नाही. आपण जे मोजतो त्याचीच काळजी घेतो, अशी शासनयंत्रणेची प्रकृती आहे. तिला दोष देत बसण्यापेक्षा तिच्या हाती मोजण्याजोगे काही देणे अधिक फलदायी ठरेल.

आमच्या विभागातील एका यंत्रचालकाने हा रकाना स्वतःच्या हाताने आखला होता. पावसाळ्यापूर्वी तो खड्डा उपसून घेई आणि तारखेसह तशी नोंद करी. त्याला तसा आदेश कोणी दिला नव्हता, आणि त्याच्या निवृत्तीनंतर ती नोंद बंद झाली. एका माणसाच्या सद्बुद्धीवर उभी असलेली व्यवस्था त्याच्याबरोबरच संपते, म्हणून हे काम आदेशाने बांधले गेले पाहिजे.

ज्या वाचकांच्या गावी पुढील काळात उपकेंद्रासाठी ग्रामसभेचा ठराव येईल, त्यांना माझी विनंती आहे. विरोध करू नये. वीज आपल्यालाही हवी आहे आणि शेजारच्या वाडीलाही. पण ठरावावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी जागेचा आराखडा भिंतीवर लावायला सांगावा. जमीन आज कोण कसतो, पाणी कोठून उतरते, वाहिन्या कोणत्या बांधावरून जाणार, हे त्यावर खुणा करून पाहावे. आणि ठरावाच्या शेवटी एक वाक्य घालावे: तेलाचा खड्डा, खडी आणि पाण्याचा निचरा यांची पाहणी दरवर्षी मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीसमक्ष व्हावी आणि तिची नोंद उपकेंद्रात व ग्रामपंचायतीत अशा दोन्ही ठिकाणी राहावी. असे वाक्य लिहिण्यास कोणताही कायदा आड येत नाही.